मुळापासून उपटलेलं पान

मी एक जुनी वही आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोड गोड काही ऐकायचं असेल तर पलीकडच्या कपाटात दिवाळी अंक आहेत, ते घ्या.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत मच्छिंद्र बायंडरने मला शिवलं. त्याने ताव मधोमध दुमडले, एकात एक घातले आणि घडीवरून दोरा ओवला. म्हणजे माझ्या प्रत्येक पानाला पलीकडे एक जोडीदार आहे. दोघं एकाच कागदाचे. एवढं लक्षात ठेवा.

तिथून मी खडकीला, क्वार्टर्समधल्या एका छोट्या वाचनालयात आले. ग्रंथपाल मंदाकिनीबाईंनी माझ्यावर ‘वाचकांचे अभिप्राय’ असं लिहिलं आणि सुतळीने पेन बांधून मला टेबलावर ठेवलं. मला काय आनंद झाला होता! आता रोज नवी मतं, नवी भांडणं! कसलं काय. ‘छान.’ ‘सुंदर.’ ‘अप्रतिम, डोळे पाणावले.’ आठ वर्षं हेच! पुस्तक न उघडता परत करणारेसुद्धा ‘अप्रतिम’ लिहून जायचे. माझा नुसता संताप व्हायचा.

मग नववीतली उल्का आली. मे महिन्याच्या सुट्टीत तिने कादंबऱ्यांचा फडशा पाडला आणि प्रत्येकीवर लिहिलं.

रहस्यकथेवर: ‘खुनी मला चौथ्या प्रकरणात कळला. इन्स्पेक्टरला शेवटच्या पानापर्यंत कळेना. याला बढती कशी मिळाली?’

प्रेमकथेवर: ‘नायिका अकरा वेळा रडते. मी मोजलं. एकदा तरी तिने त्याला चांगलं सुनावायला हवं होतं.’

भयकथेवर: ‘भूत उत्तम. माणसं कंटाळवाणी. पण बाथरूमला जाताना आईला उठवावं लागलं, हे खरं.’

अहाहा! आठ वर्षांनी कोणीतरी माझ्याशी बोलत होतं.

शेवटी तिने ‘रणधुरंधर दौलतराव’ वाचली. ही ऐतिहासिक कादंबरी आमच्या वाचनालयाचे कार्यवाह श्रीनिवासराव यांनी स्वतः लिहिलेली. उल्काने लिहिलं: ‘लढाया झकास. पण दौलतरावांच्या आईसाहेब चाळिसाव्या पानावर वारतात आणि एकशे बाराव्या पानावर दौलतरावांना ओवाळतात. हे कोणालाच कसं दिसलं नाही?’

दुसऱ्याच दिवशी श्रीनिवासरावांनी ते वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

“बाई, या मुलीचं कार्ड बंद करा. वाचनालय वाचण्यासाठी आहे, लिहिण्यासाठी नाही.”

उल्का तिथेच उभी होती. “मग तुम्ही का लिहिलीत, काका?”

मंदाकिनीबाईंना एकदम खोकला आला. श्रीनिवासरावांनी मात्र मला उचललं आणि खूण राहू नये म्हणून ते पान घडीपासून, अगदी मुळासकट ओढून काढलं. टर्रर्र! त्याचा बोळा करून खिशात घातला. उल्काचं कार्डही खणात गेलं. डोळे भरले होते तिचे, आणि हे पाणी ‘अप्रतिम’वाल्यांचं नव्हतं. मित्रांनो, मला हात असते ना, तर मी त्या दिवशी त्यांना सोडलं नसतं!

रविवारी सकाळी वाचनालयात त्यांच्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचा समारंभ झाला. पाहुण्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका विजयमालाबाई. त्यांनी पूर्वी माझ्यात या कादंबरीचं पानभर कौतुक लिहिलं होतं, तेच वाचून दाखवायला श्रीनिवासरावांनी मला ऐटीत उघडलं. आणि ते पान सुटून थेट त्यांच्या चपलेवर पडलं.

“बाई!” ते ओरडले. “साध्या वह्या सांभाळता येत नाहीत? कोणी फाडलं हे?”

“आपणच,” मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या. “परवा आपण उपटलंत ना, त्याचं हे जोडीदार पान. शिवलेली वही आहे, साहेब. एक मुळापासून काढलं की दुसरं टिकत नाही.”



“काय होतं त्या उपटलेल्या पानावर?” विजयमालाबाईंनी विचारलं.

मागच्या रांगेतून उल्का उठली. तिने शब्द न् शब्द सांगितला. विजयमालाबाईंनी चष्मा लावून कादंबरी उघडली. चाळिसावं पान. मग एकशे बारावं.

“ओवाळलंय खरं,” त्या म्हणाल्या. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, “श्रीनिवासराव, मी पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचून लिहिलं होतं. चूक माझीही आहे. या मुलीचं कार्ड कुठे आहे?”

कार्ड खणातून निघालं. मंदाकिनीबाईंनी खळ लावून माझ्यात कोरं पान चिकटवलं आणि उल्काने तेच पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. खाली अर्धं पान मोकळं सोडून म्हणाली, “काका, हे तुमच्यासाठी.”

मित्रांनो, माझी शिवण अजून दुखते. तुम्हाला एखाद्याचं मत झोंबलं तर खुशाल चिडा, मीही चिडते. त्याच्या खाली तुमचं उत्तर लिहा, पानभर भांडा. पण पान उपटू नका.

तिसरी आवृत्ती येऊन गेली. आईसाहेब आता चाळिसाव्या पानावर वारत नाहीत, नुसत्या आजारी पडतात. ते अर्धं पान मात्र अजून कोरं आहे. पेन सुतळीला बांधलेलंच आहे, श्रीनिवासराव. चालतंय ते.