घागरीतला चिवचिवाट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझा पुतण्या धीरज यंदा माघात शेतातली मोटार चालू करताना शॉक लागून गेला. आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तशी त्याच्या नावाची पहिली भरायची होती आणि पितरांना बोलतं करणाऱ्या एका बाबांच्या म्हणण्यानुसार ती बोलणार होती. ते ऐकायला तापीकाठचं अर्धं गाव लोटलं होतं.

पाण्याने भरलेली घागर आमचीच, खालची कापडाची चुंबळ मात्र घागरबाबांची. 'सिद्ध' म्हणे! घागरीला चुंबळ लागतेच, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

"माई, पितर पंछी होतो," बाबा धीरजच्या आईला सांगत होते. "पंछी व्हायब्रेशनमध्ये बोलतो. सायन्सपण हेच मानतं!"

शाळेत सायन्स शिकवणारा मी शेजारीच उभा होतो. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तीन महिन्यांत घरात कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. धीरजची आई, रंजनावहिनी, जेवा म्हटलं की जेवायच्या, उठा म्हटलं की उठायच्या. रडल्या मात्र नव्हत्या.

घागरीखालून बारीक, वर चढत जाणारा चिवचिवाट सुरू झाला. लोकांनी हात जोडले.

"काय म्हणस मन्हा धीरज?" वहिनींनी सपाट आवाजात विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. "म्हणतो, बायकोचा पायगुण वाईट. आज माहेरी गेली की परत आणू नका. नात मात्र इथेच ठेवा."

सून दामिनी खांबाला टेकून उभी होती. तिचा भाऊ रिवाजाप्रमाणे तिला आखाजीला न्यायला आला होता, जीप दारात होती. तिने लहानग्या दिपालीला छातीशी धरलं. "माय, मी काय करं?"

"धीरज सांगस तं ऱ्हाऊ दे पोरले," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी नातीला ओढून घेतलं. पोर किंचाळली.

त्या किंचाळीने मी भानावर आलो. हा चिवचिवाट माझ्या ओळखीचा होता. नववीच्या वर्गात मी तो इतक्यांदा वाजवला होता की पोरं त्याची नक्कल करायची.

"वहिनी, आयका. आता तीन आखूड आवाज येतील, मग एक लांब शीळ."

आले. शीळही आली.

"आता थांबेल. मग दोन."

दोन आले. लोकांचे जोडलेले हात सुटले.

"मास्तर, पितरांची चेष्टा करू नका!" बाबांचा हात झोळीतल्या मोबाइलकडे गेला. मी घागर उचलून बाजूला ठेवली आणि चुंबळीची शिवण उसवली. आत लिंबाएवढा स्पीकर होता. धीरज माझ्या तळहातावर चिवचिवत होता.

मी सगळ्यांना सांगितलं. आवाज खरा आहे, पण कुणा माणसाचा नाही. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर वर नैसर्गिक रेडिओ लहरी उठतात. उपग्रह त्या टिपतो आणि स्पीकरला जोडल्या की त्या पाखरांसारख्या ऐकू येतात. तिथे वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकून उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालत असतात. या लहरी त्यांची वाट बिघडवतात. मग त्यातले काही वरच्या विरळ हवेत उतरून तिच्यावर आदळतात. ध्रुवांकडे त्याने आकाशात उजेडाचे डाग लुकलुकतात. कुणाचा पायगुण त्यात नसतो. रेकॉर्डिंग इंटरनेटवर फुकट मिळतं.

"घागर भरा, आठवण काढा," मी म्हणालो. "पण मेलेल्याच्या नावाने कुणी जिवंत माणसाला घराबाहेर काढायला सांगितलं, तर आधी चुंबळ उसवून बघा."

बाबा झोळी सावरत सटकू पाहत होते. दामिनीच्या भावाने त्यांना धरलं आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला. वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मंग मन्हा धीरज कोठे शे?"

"कोठेच नही, वहिनी."

हे म्हणताना मला पहिल्यांदा रडू फुटलं. मग वहिनींचाही बांध फुटला. रडत रडतच त्यांनी दिपालीला दामिनीच्या कडेवर दिलं.

"जाय, माय. आखाजी सरनी का मी सोता परत लेवाले येसू. दोन्हीसले."