कडता

○

या चिन्हाच्या जागी मधुवंतीला उजेड दिसत होता. उजेडामागे काय होतं ते तिला दिसलं नाही. म्हणून ते इथेही नाही.

—

रक्तदाबाचा पट्टा मधुवंतीच्या दंडाला पुरत नव्हता. तिच्या सासऱ्यांनी, बापूंनी, त्याचं टोक ओढून धरलं, मशीनचं बटण दाबलं आणि पट्टा फुगेपर्यंत तो दोन्ही हातांनी दाबून ठेवला.

"एकशे चौसष्ट," बापू म्हणाले. "वजा वीस."

"वीस काय? तीस धरा," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "दंड केवढा झालाय बघा तिचा. गेल्या महिन्यातला कडता आता कसा चालेल?"

"तेही खरंच. एकशे चौतीस. झकास!"

बापूंचं सगळं आयुष्य श्रीवर्धनच्या वाडीत सुपारी वाळवण्यात आणि तोलण्यात गेलं होतं. गोण काट्यावर चढली की बारदानाचं आणि ओलाव्याचं वजन वजा करायचं, तो कडता. काटा दाखवतो ते सुपारीचं वजन नव्हे, कडता गेल्यावर उरतं ते.

मधुवंतीला दिवस गेले तेव्हा गावातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नेहमीचा पट्टा तुमच्या दंडाला लहान पडतो. त्यामुळे रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. मोठ्या पट्ट्याने मोजायला हवा, आणि वजन जास्त आहे म्हणून वरचेवर मोजायला हवा."

घराने यातलं पहिलं तेवढं घेतलं. मधूच्या बाबतीत मशीन फुगवून सांगतं. मग कडता आलाच.

मधुवंतीलाही त्यात वावगं वाटलं नाही. ती नववीला विज्ञान शिकवायची. उपकरणातला दोष वाचनातून वजा करावा, हे तिनेच फळ्यावर कितीदा लिहिलं होतं. शिवाय दवाखान्यात वजनकाट्यावर उभं राहिलं की तिथली बाई आकडा अख्ख्या बाकड्याला ऐकू जाईल असा पुकारायची. या महिन्यात ती गेलीच नव्हती. श्रेयस, तिचा नवरा, न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर होता. तो शनिवारी आला की जाऊ, असं ठरलं होतं.

पाय सुजले होते. पण सुजले आहेत असं कोण म्हणणार?

"अगं, ते पहिल्यापासून तसेच," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात पैंजण वाढवून घ्यावे लागले होते, विसरलीस?"

—

पहिला उजेड भर दुपारी आला.

खळ्यात सुपारी वाळत घातली होती. मधुवंती ओटीवर बसून बघत होती. वाडीत कामाला येणारी नीराबाई वाकून सुपारी उलटीपालटी करत होती, आणि नीराबाईच्या खांद्याच्या जागी ○.

मधुवंतीने डोळे चोळले. खांदा परत आला. उजेड सरकून दोन पोफळींच्या मधे जाऊन थांबला. पांढरा, काठाशी थरथरणारा, माणसाएवढा.

"नीराबाई, तिकडे कोण उभं आहे?"

"कुठं? कोन न्हाय."

"उजेडासारखं काहीतरी."

नीराबाई सरळ झाली. पोफळींकडे न बघता तिने मधुवंतीच्या पोटाकडे पाहिलं. "वाडीचा राखणदार हाय तो," ती हळूच म्हणाली. "पन माज्या आज्याला दिसायचा तो रातचा. दिवसाढवळ्या कुनाला दिसल्याचं ऐकलं न्हाय."

सासूबाईंच्या कानावर गेलं, आणि घरात सणासारखं झालं. वाडीच्या टोकाला, समुद्राच्या अंगाला, उंडीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड होता. त्याला दरवर्षी नारळ मिळायचा. दर्शन मात्र सासूबाईंना लग्नापासून एकदाही झालं नव्हतं.

"पोटातल्याला बघायला आलाय तो," त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या. "हो, हो, आमच्या मधूला. नाही गं, भ्यायची काय त्यात? भाग्य लागतं."

मधुवंतीचं डोकं दुखत होतं. उजव्या बरगडीखाली कोणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं वाटत होतं. तिने ते सांगितलं.

"बाळाची टाच असेल," सासूबाई म्हणाल्या.

—

दुसऱ्या दिवशी उजेड दोन झाले.

जेवताना पानात भात, आमटी, ○.

आरशात कपाळ, ○, हनुवटी.

श्रेयसचा फोन आला. "राखणदार काय म्हणतो?" तो हसत म्हणाला. "माझा नमस्कार सांग. प्रेशर किती आहे?"

"बापूंना विचार."

"एकशे सदतीस!" बापूंनी बाहेरून सांगितलं.

"मग झालं तर. शनिवारी येतोच आहे. दोघांचं जेव."

—

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी सासूबाई नारळ घेऊन तिला दगडाकडे न्यायला निघाल्या. पाटाला पाणी सोडलेलं होतं. पोफळींच्या सावल्या वाटेवर पडल्या होत्या, आणि त्या सावल्यांवरून दोन उजेड तिच्यापुढे चालत होते. ती थांबली की थांबत. तिने मान वळवली की तेही वळत, आज्ञेतले असल्यासारखे.

उंडीखाली दगडाच्या जागी ○.

"दिसतोय?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "कुठाय? मला दाखव ना गं."

मधुवंतीने बोट उचललं. बोटाबरोबर नजर हलली, नजरेबरोबर उजेड. दगडावरून विहिरीवर, विहिरीवरून सासूबाईंवर.

"तुमच्या तोंडावर आहे, आई. तुम्हाला तोंडच नाहीये."

सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. पदराने त्यांनी चेहरा पुसला. पुसताना हातही नाहीसा झाला.

वारा पडला होता. पाटाचं पाणीसुद्धा ऐकू येत नव्हतं. त्या शांततेत मधुवंतीला सुचलं ते नववीच्या पोरालाही सुचलं असतं. बाहेरची वस्तू दिसायला डोळे उघडे लागतात.

तिने डोळे मिटले.

○ ○

दोन्ही तिथेच होते. अंधारात जास्तच स्पष्ट.

मग ते कशाचीही राखण करत नव्हते. ते आत होते, तिच्याबरोबर आणि बाळाबरोबर.

"आई, बापूंना गाडी काढायला सांगा."

"अगं, नारळ तरी..."

"नारळ तुम्ही फोडा. मी चालले."

बापू ओटीवर उभे होते. "अगं, पण आकडा तर चांगला आहे."

"मशीनने काय दाखवलं होतं, बापू? सकाळी."

बापूंनी चष्मा काढला. "एकशे ब्याऐंशी."

"आणि कडता?"

"पंचेचाळीस धरला," बापू म्हणाले. "तू सुजत चालली होतीस ना. म्हणून वाढवत गेलो."

—

म्हसळ्याचा फाटा. ○. वळण. ट्रकचं मागचं ○. बापू हॉर्न वाजवतायत. सासूबाई मागे बसून तिचं डोकं मांडीवर धरतायत आणि पुटपुटतायत. पुढचा रस्ता ○ ○ ○.

—

हायवेलगतच्या मोठ्या रुग्णालयात मोठा पट्टा होता. तो दंडाला पुरला, नीट बसला.

"एकशे शहात्तर," नर्स म्हणाली.

"वजा..." बापूंच्या तोंडून गेलं, आणि ते भिंतीकडे वळले.

डॉक्टर आश्लेषा तरुण होती, भराभर बोलायची. "गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात. गर्भाशयाच्या तर पार रुंद. बाळाला रक्त जास्त लागतं ना. अंगावर चरबी जास्त असली की तिच्यातून काही द्रव्यं रक्तात उतरत राहतात आणि वाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. मग त्या सैल होत नाहीत, आवळतात. मूत्रपिंडात, यकृतात, मेंदूत. तुमचा उजेड तिथूनच येतोय."

"म्हणजे माझ्या जाडीमुळे."

"बारीक बायकांनाही होतं. तुम्हाला होण्याची शक्यता जास्त होती, एवढंच. म्हणून तर तुम्हाला जास्त जपून मोजायला हवं होतं. त्यात तुमचा काय गुन्हा?"

तिने पोटावर यंत्र टेकवलं आणि आवाज मोठा केला. खोलीभर नाळेतलं रक्त ऐकू येऊ लागलं. वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तसं. ओढ, शांतता. ओढ, शांतता.

"या मधल्या जागेतही थोडं वाहायला हवं," डॉक्टर म्हणाली. "इथे थांबतंय."

सासूबाईंनी कान झाकले.

डॉक्टरने यंत्र बाजूला ठेवलं. "बाळ दोन महिने लवकर येतंय. फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलंय, त्याला एक दिवस मिळाला तर फार बरं. पण तुम्हाला आकडीचा झटका येण्याआधी काढायलाच हवं. म्हणून खरं सांगा. झटक्याचं औषध सुरू करून तासाभराहून जास्त झालं. उजेड अजून दिसतोय का?"

मधुवंतीला कळलं की उत्तर तिच्या हातात आहे. कमी झालाय, म्हटलं की बाळाला एक दिवस. एवढंसं वजा करायचं. कोणाला कळणार होतं? बापू बघत होते. सासूबाई बघत असाव्यात, त्यांच्या जागी ○ होता.

"मधू," तो ○ रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाळासाठी थोडं सोस गं."

औषधाची गरम लाट मानेपासून मांड्यांपर्यंत उतरली. पोटात काहीतरी हललं. मागच्या आठवड्यापेक्षा हळू.

"दिसतोय," मधुवंती म्हणाली. "सकाळपेक्षा जास्त. तुमचे डोळे नाहीत, डॉक्टर. डोकं फुटतंय, बरगडीखाली दुखतंय. बाळही कमी हलतंय."

डॉक्टर उठून उभी राहिली. "ऑपरेशनची तयारी करा."

—

कमरेखालचं अंग नाहीसं झालं. तोंडासमोर हिरवा पडदा. पलीकडे माणसं एकमेकांशी हळू बोलत होती, लोखंडाला लोखंड लागत होतं. मग कोणीतरी "घ्या" म्हणालं, आणि सगळे गप्प झाले.

मधुवंतीच्या कानात फक्त तिचं स्वतःचं रक्त आपटत होतं, दार ठोठावल्यासारखं.

"मुलगी," डॉक्टर म्हणाली.

पावलं पडद्यामागून पलीकडे गेली. कोणीतरी बाळाला भराभर चोळत होतं.

मग चिरडलेल्या पाखरासारखा एक आवाज आला, तुटला, आणि जास्त रागाने परत आला.