हिरव्या पट्ट्याचा दांडा

मित्रांनो, मी गोल्फ खेळायची एक जुनी काठी आहे. आम्हा काठ्यांमध्ये जी चेंडू सर्वांत लांब मारते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती मी. हिंगोली जिल्ह्यात, साखऱ्याजवळच्या तांड्यावर मला पाहून लोक विचारतात, हे कसलं अवजार? मला त्यांचा राग येत नाही. चौकशी करायची खोड मलाही आहे.

एका कारखान्यात माझं डोकं घडलं, दांडा दुसरीकडून आला आणि मानेतल्या एका स्क्रूने दोघांची गाठ बांधली. पुण्याच्या एका मैदानावर मी चार वर्षं मिरवले. मग नव्या काठ्या आल्या आणि मला कोपरा मिळाला. शेवटी माझ्या मालक साहेबांनी मला हरिचंद राठोडांना देऊन टाकलं. ते त्या मैदानावर गवत कापायचे. त्यांनी मला आपल्या लेकीच्या हातात दिलं. निलम तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने मारायच्या आधी मला कानाशी धरून हलवलं, या पोकळ डोक्यात काय आहे म्हणून. त्याच क्षणी ती मला आवडली.

आता निलम सतरा वर्षांची आहे. यंदा त्या मैदानावर गोल्फ शिकवण्यासाठी चार मुलींची निवड होणार होती. निवड झाली की राहणं, जेवण, शिकवणं सगळं तिथेच. न झाली, तर खेळ संपला, असं घरात ठरलेलं होतं. चाचणीला दहा दिवस होते. दिवाळीला गावी आलेली निलम सोयाबीन काढलेल्या वावरात रोज सराव करायची.

आणि नेमका माझा दांडा मोडला. निलमचा मोठा भाऊ ओमप्रकाश सेनगावला जीप चालवतो. त्याने मला टपावर बांधलं आणि वर कापसाची गाठोडी चढवली. कट्ट असा आवाज झाला. बिचारा दिवसभर जेवला नाही. त्याने पुण्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. दुरुस्तीवाल्याने बसच्या पार्सलने तीन दांडे पाठवले आणि सांगितलं, एक ठेवा, दोन परत करा. लाल पट्ट्याचा सर्वांत ताठ आणि जड, काळा मधला, हिरवा हलका आणि लवचीक. ओमप्रकाशने क्षणाचाही विचार न करता लाल उचलला. आपली बहीण नरम दांड्याने खेळणार म्हणजे काय? सगळ्यांत मजबूत दांडा आणलाय, हे त्याने सेनगावच्या स्टँडवर झाडून सगळ्यांना सांगितलं.

पण झालं भलतंच. निलमने कितीही नेम धरला तरी प्रत्येक चेंडू उजवीकडे, शेजाऱ्याच्या तुरीत. तिची आई रुख्मिणीबाई तुरीत शिरून चेंडू वेचायची आणि पदराच्या ओटीत भरून आणायची. ओमप्रकाश सांगायचा, तिरपी उभी राहा, आणखी जोर लाव. निलम तसंच करायची. भावाने तिच्यासाठी जीपच्या दोन दिवसांच्या फेऱ्या बुडवल्या होत्या. तळहाताला फोड आले तरी ती मारत राहिली. मला तर तिचा हात जाणवेनासाच झाला होता. दांड्यातून नुसता धक्का यायचा. काठीचं डोकंच गेलं असेल, असं एक जण म्हणाला. भंगारात जायच्या भीतीने मी हादरले.

त्याच सुमारास घरच्या कुऱ्हाडीचा दांडा तडकला. ओमप्रकाश कुऱ्हाड घेऊन साखऱ्याच्या संतराम सुतारांकडे गेला आणि तशीच परत घेऊन आला. जी लाकडं फोडते तिला घेऊन ये, असं संतराम म्हणाले. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई गेली. सोबत निलम, आणि निलमच्या खांद्यावर मी.

संतरामांनी कुऱ्हाडीत एक दांडा बसवला आणि रुख्मिणीबाईला डोळे झाकायला लावले. कुऱ्हाड हळूच उचल, मधेच थांब आणि सांग, धार कुठल्या बाजूला आहे? तिचं चुकलं. त्यांनी तो दांडा काढून दुसरा बसवला. या वेळी तिने बरोबर सांगितलं.

"काका, डोळे काहून झाकायला लावले?" निलमने विचारलं.

"डोळ्याला सगळेच दांडे चांगले दिसतेत. डोळे झाकून धार हाताला कळली, तर दांडा तिचा."

मग निलमने मला पुढे केलं. संतरामांनी हात जोडून सांगितलं, हे लाकूड नाही, यातलं मला काही कळत नाही.

निलम घरी न जाता थेट वावरात गेली. आईला परत करायचे राहिलेले दोन दांडे घरून आणायला सांगितले. एकेक दांडा माझ्या मानेत बसवायचा, डोळे मिटायचे, मला फिरवून मधेच थांबायचं आणि माझं तोंड कुठे वळलंय ते ओळखायचं. लाल दांड्याने तिला काहीच कळेना. काळ्याने कधी कळलं, कधी नाही. हिरव्याने प्रत्येक वेळी कळलं. आणि मलाही कित्येक दिवसांनी तिचा हात कळला. मग तिने डोळे उघडून दहा चेंडू मारले. एकच तुरीत गेला.

संध्याकाळी वावरात आलेल्या ओमप्रकाशने हिरवा दांडा पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. हा म्हाताऱ्या माणसांचा दांडा आहे, लोक हसतील, तो म्हणाला.

"दादा, तू आणलेला चांगलाच हाय," निलम म्हणाली, "पर माझ्या हाताचा न्हाई."

भावाला नाही म्हणायची ही तिची पहिलीच वेळ. तो जीप काढून निघून गेला. पण चाचणीच्या दिवशी तोच तिला पुण्याला घेऊन गेला.

तिथे बाकीच्या मुलींचे चेंडू लांब गेले. एकीचा तर पन्नास पावलं पुढे. निलमचे मात्र दहापैकी नऊ, चेंडू जिथे पडायला हवा त्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातच राहिले. चार नावं वाचली गेली, त्यात तिसरं तिचं होतं. शिकवणाऱ्या करुणाताईंनी मला हातात घेतलं, दांडा थोडा वाकवून पाहिला आणि ओमप्रकाशला विचारलं, इतका बरोबर दांडा कुणी निवडला, तुम्ही का?

आता हा काय सांगतो, याची मला भारी उत्सुकता लागली. नुसती हो म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाई मॅडम. मी चुकीचा आणला होता. हा तिनंच निवडला," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळून हळूच म्हणाला, "मी तुला इचारलंच न्हाई."

निलमचे डोळे भरून आले. तिने मला करुणाताईंच्या हातातून घेतलं आणि घट्ट धरलं.

मित्रांनो, आपल्या माणसाला वस्तू देताना आपण सगळ्यांत भारी ती निवडतो आणि तीच माया समजतो. ती माया खरीच असते. पण देण्याआधी त्या माणसाला एकदा विचारत जा, आणि उत्तर ऐकायला थांबत जा.