तळपायाची साक्ष

नम्रताने कापसाचा बोळा ओढून त्याचं टोक बारीक केलं आणि हिंमतरावांच्या उजव्या अंगठ्याला हलकेच लावलं.

"आता?"

"हाय," हिंमतराव म्हणाले. डोळे त्यांनी इतके घट्ट मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

तिने कापूस करंगळीपाशी नेला.

"आता?"

"हाय की."

मग तिने टूथपिक घेतली आणि तळपायाला, टाचेला, पुन्हा अंगठ्याला टोचून पाहिली. दर वेळी तिने विचारलं आणि दर वेळी आजोबांनी होकार दिला. दोन्ही पाय झाल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. तिथे विजयमाला, तिची आई, कणकेचे हात घेऊन निकालासाठी उभी होती.

"आई, आबांच्या नसा ठणठणीत आहेत. सगळीकडे रिस्पॉन्स येतोय. जाऊ दे त्यांना."

"तुझं अजून पहिलंच वर्ष आहे," विजयमाला म्हणाली.

"नसा वर्ष विचारत नाहीत."

भांडण जुनं होतं. हिंमतराव नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालत नसत आणि रोज टेकडीवरच्या यमाईला चालत जात. मुलगा रणजित लहानपणी विहिरीत पडून वाचला, तेव्हा त्यांनी देवीला हा शब्द दिला होता. तेव्हा वाघोलीत पायवाटेला माती होती. आता त्यांच्याच रानावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावर राहत आणि लिफ्टने खाली उतरून डांबराला लागत. डॉक्टरांनी शुगर सांगितल्यापासून विजयमाला सासऱ्यांच्या पायांवर नजर ठेवून होती. बूटही आणून ठेवले होते, मऊ, रुंद, डॉक्टरांनी सांगितले तसे. हिंमतरावांनी ते खोक्यातून काढलेसुद्धा नव्हते.

अशा वेळी घरात जाणकार माणूस म्हणून नम्रताचं मत घेतलं गेलं. फिजिओथेरपीला प्रवेश मिळून तिला फार दिवस झाले नव्हते, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला तेवढे पुरतात. पहिल्या आठवड्यात तिने जेवताना सगळ्यांना पेशी समजावली होती. पेशीच्या आवरणात दारं असतात, सोडियम बाहेर काढायचं आणि पोटॅशियम आत घ्यायचं, त्यासाठी पंप चोवीस तास चालतो, म्हणून नस निरोप नेऊ शकते. रणजितने वरण वाढून घेतलं होतं. हिंमतरावांनी मात्र घास हातात धरून ऐकलं.

"म्हंजे मोटार," ते म्हणाले होते.

"तसंच समजा."

"आन् लाइट गेली तर?"

"शरीरात लाइट जात नाही, आबा."

नम्रताचं असंच असे. तिला शंका क्वचित येत, आणि आल्या तरी त्या दुसऱ्यांच्या ज्ञानाबद्दल. घटस्थापनेच्या दिवशी हिंमतराव अनवाणी निघाले ते तिच्याच शब्दावर. दारातून निघताना त्यांनी सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. जिंकलेला माणूस बघत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात संवेदनांचं प्रॅक्टिकल होतं. हेमा मॅडमनी मुलांच्या जोड्या लावल्या. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने कापूस लावायचा. नम्रताने जोडीदाराला "आता? आता?" असं विचारत हात, पाय भराभर उरकले आणि सगळ्यांच्या आधी वही मिटली.

"झालं तुमचं?" हेमा मॅडम जवळ येऊन म्हणाल्या. मुलांना त्या 'तुम्ही' म्हणू लागल्या की काहीतरी येणार, हे वर्गाला ठाऊक झालं होतं.

"हो मॅडम. नॉर्मल."

"छान. आता तुम्ही बसा. डोळे मिटा."

नम्रता टेबलावर बसली. तिने सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली आणि डोळे मिटले.

"आता?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"कुठे?"

"डाव्या पावलावर. वरच्या बाजूला."

"आता?"

"घोट्यापाशी."

वर्गात कोणीतरी हसू दाबलं. नम्रताने डोळे उघडले. हेमा मॅडम चांगल्या दोन हात लांब उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"तुमचा पाय फार हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. "न लावलेला कापूससुद्धा त्याला कळतो. स्पर्श करताना विचारायचं नाही, मुलांनो. पेशंटने आपण होऊन सांगायचं. आणि मधे मधे विचारायचं, पण हात लावायचा नाही. 'आता?' म्हटलं की माणूस 'हो' म्हणतो. कारण उत्तर त्याच्या पायात नसतं, तुमच्या प्रश्नात असतं."

सगळे हसले, नम्रताही हसली. मग तिचं हसू थांबलं, कारण तिला आजोबांचा आवाज ऐकू आला. हाय. हाय. हाय की. एकही चुकला नव्हता. सत्तरी उलटलेल्या, शुगर असलेल्या माणसाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि लाजेच्या खालून भीती वर आली. पुढचं लेक्चर सोडून ती घरी निघाली.

हिंमतराव देवळातून येऊन खुर्चीत बसले होते. कपाळावर कुंकू होतं आणि हातात चहाचा कप. विजयमाला शेजारी हळदी-कुंकवाला गेली होती.

"आबा, पाय द्या जरा."

"परत? त्या दिवशी झालं ना."

"अजून सराव पाहिजे."

त्यांनी कप खाली ठेवला, पाय स्टुलावर घेतले आणि आज्ञाधारकपणे डोळे मिटले. नम्रता समोर जमिनीवर बसली. कापूस तिने आणलाच नव्हता. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता?"

"हाय."

ती थोडी थांबली. बाहेर लिफ्टचं दार वाजलं.

"आता?"

"हाय की."

"कुठे, आबा?"

"अंगठ्याला."

नम्रताला पुढे विचारवेना. ती उठली, फडका ओला करून आणला आणि आजोबांचे तळवे पुसू लागली. आधी कुंकवाची धूळ निघाली, मग डांबराचा काळेपणा. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला फडका अडला. तिने वाकून पाहिलं. बाभळीचा काटा होता. वरचं टोक मोडलेलं आणि उरलेला पार आत गेलेला. भोवतीचं कातडं लाल होऊन फुगलं होतं. आईच्या शिवणाच्या डब्यातला चिमटा आणून तिने तो ओढला. निघायला वेळ लागला. तोवर हिंमतराव मिटल्या डोळ्यांनी, पुढच्या प्रश्नाची वाट बघत, शांत बसले होते.

"डोळे उघडा, आबा."

तिने काटा त्यांच्या तळहातावर ठेवला. हिंमतरावांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. आयुष्यभर बाभळीच्या बांधाने चाललेला माणूस होता. असा काटा पायात मोडला की माणूस दोन पावलं पुढे जात नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"ह्यो माझ्या पायात?"

"कधीपासून आहे?"

"काय की." त्यांनी काटा उलटा करून पाहिला. "काल त्या नव्या बिल्डिंगच्या कडेनं आलो. तिथं बाभळी तोडल्यात."

"कापूस कळत नव्हता, तर मग हो का म्हणत होता?"

"तू इचारत होतीस म्हंजे लावतच असणार. तुझी परीक्षा. मी कशाला न्हाई म्हणू?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही तिने गिळलं.

"पायाला कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

हिंमतरावांचा चेहरा मोकळा झाला. चांगली गोष्ट बरेच दिवस सांगायची राहून गेलेल्या माणसाचा होतो तसा.

"कुणाला बोललो न्हाई," ते म्हणाले. "तू हसशील म्हणून. पैल्यांदा लई भाजायचं बघ. माळेला माळ चढायची तसं पाय सोलून निघायचे. रातीला तुझी आजी तूप लावायची. आन् मागल्या खेपेपासनं काय न्हाई. डांबर तापलेलं, लोक सावली बघत्यात, आन् मी आपला मधनं चालतोय. चटका न्हाई, खडा न्हाई. आईनं भोग संपवला माझा. म्हणली, लई चाललास, आता बास."

नम्रताने हातातला फडका घडी करून बाजूला ठेवला. तिच्याकडे उत्तर तयार होतं. साखर वाढली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, नसा उपाशी पडतात, सगळ्यात लांब नस पायाच्या बोटांना जाते आणि ती आधी मरते. परवाच पाठ केलं होतं, आकृतीसकट. आणि देवीची कृपा म्हणून जपलेल्या गोष्टीवर ती आकृती ठेवायची होती.

"आबा, विहिरीवरची मोटार कमी दाबाने चालली की कुठलं रान आधी वाळायचं?"

"लांबचं. त्यात इचारायचं काय?"

"कंबरेपासून बोटापर्यंत जाणारी नस सगळ्यात लांब असते."

हिंमतरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. खेड्यातला माणूस पीक वाळताना बघतो, तेव्हा त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"म्हंजे लाइट गेलीय," ते म्हणाले.

"कमी झालीय. संध्याकाळी आपण डॉक्टरांकडे जातोय, जखम दाखवायला. आणि उद्यापासून बूट."

"ते न्हाई जमायचं."

"आबा..."

"शब्द दिलाय. जिता हाय तोवर चालीन म्हणालोय. रणजित हाय म्हणून तू हायस, एवढं ध्यानात ठेव."

हिंमतरावांच्या घरात आवाज चढवून कुणी कधी जिंकलं नव्हतं. नम्रताच्या अंगातही तेच रक्त होतं. तिने आवाज खाली आणला.

"तुम्ही देवीला काय दिलं होतं? चालणं की चटका?"

"म्हंजे?"

"रोज चालत तर तुम्ही चपला घालूनही होताच. पायातलं सोडलं ते भाजावं म्हणून ना? तिच्यासाठी सोसायचं म्हणून. आता सोसणं कुठे आहे? काटा मोडला तरी तुम्हाला पत्ता नाही. बूट घालून गेलात काय, न घालता गेलात काय, तिला पोचतंय सारखंच."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, जास्त झालं. हिंमतरावांनी काटा खिडकीच्या चौकटीवर ठेवला. कपातला चहा केव्हाच निवला होता. त्यांनी तो तसाच संपवला.

"म्हंजे मागलं वरीस फुकटच गेलं म्हण," ते म्हणाले.

ती त्यांच्या पायाशी बसून राहिली आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि विजयमाला ऐकत असताना नम्रताला म्हणाले, वेळेवर पाहिलंस. तिने मान हलवली. एरवी तिने तेवढ्यावर आठवडा काढला असता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर हिंमतराव बाहेरच्या खोलीत आले. पायात बूट होते. नाडी कशीबशी बांधलेली, पण बांधलेली. विजयमालाने पाहिलं आणि न बोलता ओटीच्या नारळाची पिशवी त्यांच्या हातात दिली. शहाणी बाई जिंकल्यावर बोलत नाही.

"चला," नम्रता म्हणाली.

"तुझं कॉलेज?"

"दुपारी आहे."

लिफ्टपाशी गेल्यावर हिंमतरावांचं लक्ष खाली गेलं. नातीच्या चपला दाराबाहेरच्या कप्प्यातच राहिल्या होत्या. त्यांनी चपलांकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. ती लिफ्टचं बटण दाबत होती.

"तुझा इस्वास तरी हाय का असल्यावर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"माझ्या नसा ठणठणीत आहेत," नम्रता म्हणाली. "तपासून घेतल्यात."

सोसायटीच्या फाटकापर्यंत फरश्या होत्या, तिथवर ती आजोबांच्या बरोबरीने चालली. पुढे डांबर लागलं. ऑक्टोबरचं ऊन सकाळपासून त्यावर बसून होतं. पहिल्या काही पावलांत ती टाचा उचलून चालू लागली, मग बोटं, मग ओठ दाबून सरळ. एक टँकर धूळ उडवत गेला. टेकडी अजून बरीच लांब होती.

हिंमतराव पुढे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"हाय, आबा," नम्रता म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. रस्त्याच्या कडेला रंगवलेली पांढरी पट्टी होती. ती डांबराइतकी तापत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. हिंमतराव बूट वाजवत डांबरावर सरकले आणि पट्टी त्यांनी तिच्यासाठी सोडली.