कूलरच्या पायाखाली

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, जरा हळू उघडा. पाठीचे टाके उसवलेले, खळीवर तग धरून आहे.

जन्म पुण्यातल्या छापखान्यात. माझे मालक चंद्रकांतराव रेल्वेत इंजिनिअर झाले आणि त्यांच्या ट्रंकेतून मी लखनौला, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. तेव्हा काय मान होता माझा! शेजारीपाजारी अर्ज लिहायला मला मागून न्यायचे. एकदा एक उंदीर माझ्याखाली सापडला आणि 'हेल्प, हेल्प' ओरडला. खोटं वाटतं? माझ्या पानांचे कोपरे खाऊन तेवढं इंग्रजी आलं होतं त्याला.

मग त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात कूलर आला. तो एका बाजूला कलायचा. चंद्रकांतरावांच्या पत्नी प्रतिमाबाईंनी मला त्याच्या पायाखाली सरकवलं. "बरोबर बसला!" एवढंच कौतुक. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठिबकणारं पाणी पिऊन मी फुगलो, थकलो. शेवटी मला रद्दीवाल्या कबाडीला द्यायचं ठरलं.

कबाडी दुसऱ्या दिवशी येणार, तेवढ्यात लेक सृष्टी शाळेतून आली.

"बाबा, 'डिलॅपिडेटेड' का मतलब लिखना है. अर्थ, वापर, मूळ, सब कुछ."

"मराठीत विचार, मग सांगतो."

"काय यार बाबा! बरं, अर्थ सांगा."

चंद्रकांतरावांनाही तो येत नव्हता. मग दोघांनी कूलरकडे पाहिलं.

मला ओढलं, कूलर कलला, पाणी घरभर झालं.

"आता पुसा बापलेक!" प्रतिमाबाई कडाडल्या.

माझी पानं चिकटलेली. चंद्रकांतरावांनी वर्तमानपत्र ठेवून वरून इस्त्री फिरवली, तेव्हा कुठे शब्द सापडला. अर्थ: मोडकळीस आलेला. वापर: देखभालीवाचून पडझड झालेल्या घराला, भिंतीला, गाडीला. मूळ: लॅटिन 'लापिस', म्हणजे दगड. दगड इकडेतिकडे फेकणे, त्यावरून मालमत्ता उधळणे, आणि मग पडझड होऊ देणे.

"बघ," चंद्रकांतराव म्हणाले, "भिंत एकदम पडत नाही. एक दगड निघतो, तो कोणी परत बसवत नाही. तिथून सुरुवात."

सृष्टीने मला छातीशी धरलं. "आई, ह्याला नको ना देऊस. पाठच तर सुटलीय, पन्ने सगळे आहेत."

प्रतिमाबाई आत गेल्या आणि मैद्याची खळ शिजवून घेऊन आल्या.

पाठ चिकटली, खाकी कव्हर चढलं, मी फळीवर गेलो. बरं वाटलं हो म्हाताऱ्याला. पण कूलर कललेलाच होता. चंद्रकांतराव अंगणात गेले, कुंपणाच्या भिंतीतली एक सैल वीट उपसून आणली आणि त्याच्या पायाखाली सरकवली.

"बरोबर बसली!" म्हणाले.

फळीवरून, खिडकीतून, मला ते भिंतीतलं भोक रोज दिसतं. मित्रांनो, माझ्याने आता उठवत नाही. तुमच्यापैकी कोणी मानक नगरला गेलात, तर तेवढी एक वीट बसवून या.