केळीवर धुराचं पांघरूण

चंद्राचा धडा मी बारा वर्षं शिकवला. चंद्राभोवती हवा नाही, म्हणून तो दिवसा भाजतो आणि रात्री गोठतो. पृथ्वीला हवेचं पांघरूण आहे, म्हणून आपण जगतो. पोरं पाठ करायची, मीही केलं होतं. कळलं कुणालाच नव्हतं.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत चोपड्याकडच्या आमच्या गावात असं हिव पडलं, की केळीवाल्यांची झोप उडाली. सुंदरबाईची सगळ्यांत जास्त. नवरा वारल्यावर तिनं पहिल्यांदाच स्वतः केळी लावली होती. बाग करपली तर मळा थोरल्या दिरानं, मगननानानं कसायचा, असं भाऊबंदांच्या बैठकीत ठरलं होतं. नानाला भावजयीची फार कळकळ. त्यातली बरीचशी त्या चार एकरांची.

ती भर दुपारी शाळेत आली. "गुरुजी, ढग ऱ्हातस तवय रातले हिव कमी पडस. कसाले?"

मी धडा म्हणून दाखवला. दिवसा तापलेली जमीन रात्री ऊब सोडते. ढग आणि वाफ ती अडवून पुन्हा खाली धाडतात. आभाळ मोकळं असलं, की ऊब पसार.

"मंग धूरनं पांघरून चाली का?"

"चालेल बहुतेक," मी म्हणालो. पुस्तकात एवढं नव्हतं.

संध्याकाळी मगननानानं चहाला बोलावलं. त्याचीही केळी शेजारीच होती. "धूरमा काय शे, गुरुजी? ऊब ते इस्तोनी ऱ्हास."

चहा त्याचा होता. मी मान डोलावली.

नानानं विस्तवच केला, कपाशीच्या कोरड्या काड्या पेटवल्या. जाळ पुरुषभर उंच, आणि ऊब सरळ वर. सुंदरबाईनं वाऱ्याच्या बाजूला ओला पालापाचोळा रोज पहाटेपर्यंत धुमसत ठेवला. धूर बागेवर पसरून राहिला. तिचे डोळे सुजून लाल झाले.

आठ दिवसांत नानाच्या केळीचे पोंगे, कोवळ्या पानांच्या सुरळ्या, करपले. तिची बाग हिरवीगार. मला माझी लाज वाटली, पण खरं सांगतो, आनंद जास्त झाला. भाऊबंदांनी बाग पाहिली आणि मळा तिच्याकडंच ठेवला.

नानाला ते झोंबलं. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "तुनी बागले मना इस्तोनीच ऊब लागनी."

सुंदरबाईनं पदर सारखा केला.

"व्हई, नाना. इस्तो तुमले चांगला जमस. पुढला साल तुमना मळा बी मीच करसू, तुम्ही चूल सांभाळा."