चकचकीत मूठ, गंजलेले सांधे

मित्रांनो, जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगखाली हाताशी येईल असा एक आडवा दांडा असतो. गिअर बदलणारा तो दांडा म्हणजे मी. तुम्हाला दिसते ती केवळ माझी मूठ. माझ्या लांब सळ्या, त्यांचे सांधे आणि सळ्या ज्यांत फिरतात ते पितळी बुश खाली मोटारीच्या पोटाशी असतात.

मला घडवणाऱ्यांनी सळ्यांना रंग दिला. सांधे मात्र उघडे ठेवले. जे फिरायचे, त्यावर रंग टिकत नाही. त्याचे रक्षण तेलानेच व्हायचे. माझ्या मालकांना हे पक्के ठाऊक होते. मोटार धुतली की ते ती पूर्ण वाळू देत, मग सतरंजी टाकून खाली शिरत, रॉकेलच्या फडक्याने सांधे पुसत, तेल सोडत आणि क्लच दाबून मला प्रत्येक गिअरमधून फिरवून आणत. त्याशिवाय तेल आतवर पोहोचत नसे.

"माझ्याकडे कधी इतकं वाकून बघितलं नाही यांनी!" त्यांच्या पत्नी शेजारणीला सांगत. मी मनोमन सुखावत असे.

मालक गेले. "बाबांची गाडी आहे, झिजवायची नाही," असे चिरंजीवांनी घरात बजावले. दर वर्षी वडिलांच्या वाढदिवशी ते मोटार पाइपने वरून-खालून धूत, माझी मूठ घासून लखलखीत करत, आणि धूळ बसू नये म्हणून ओली मोटार तशीच प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधत. ते पाणी जाणार कुठे? उन्हात त्याची वाफ होई आणि गारव्यात ते थेंब होऊन माझ्याच सांध्यांवर बसे. आधी तांबूस डाग पडले, मग पापुद्रे सुटले, शेवटी सळ्या आणि बुश एकमेकांना चिकटून बसले. मी कुणाला सांगणार? दांड्याची तक्रार तो हलवल्यावरच कळते.

पुढे कुटुंबाने लहान घरात जायचे ठरवले. चिरंजीवांच्या आईंचा भाचा मोटार न्यायला तयार होता. अट एवढीच, की ती चालती हवी. नाहीतर भंगारवाला.

फिटरने इंजिन सुरू करून दिले तेव्हा दारात बसलेल्या आई हसल्या. चिरंजीवांनी क्लच दाबून मूठ ओढली. मी हललो नाही.

"जोर लाव की, दादा! जेवला नाहीस का?" भाचा म्हणाला.

"थांबा साहेब, आधी खालून बघू द्या," फिटर म्हणाला.

"अरे, नवी असल्यासारखी चकाकतेय. जरा अडकलंय, बस्स." चिरंजीवांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. खाली कडकन आवाज झाला आणि मूठ सैल लोंबू लागली.

फिटर गाडीखालून बाहेर आला. "सगळे सांधे गंजाने खाल्लेत. हे भाग आता मिळत नाहीत."

"बनवून घेऊ ना?"

"कशावरून बनवू? माप घ्यायलाही काही उरलं नाही."

"इतकं जपलंस रे," आई म्हणाल्या, "आणि एकदाही खाली वाकून बघितलं नाहीस?"

मित्रांनो, माझे आता काही होणार नाही. तुमच्या सायकलीला किंवा घरातल्या शिवणयंत्राला तरी माझ्या वाटेने जाऊ देऊ नका. ओले झाकू नका. पुसा, तेल द्या, आणि मुख्य म्हणजे वापरा.

भंगाराचा ट्रक फाटकाशी लागला आहे. आई मोटारीत जाऊन बसल्या आहेत, आणि त्यांना उतरा म्हणण्याचे धैर्य कुणालाच होत नाही.